हे चित्रपट आता तुम्ही स्वतःसाठी पाहा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असलेल्या जुन्या कार्टून चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेट आता काढून टाकायच्या का, असे तुम्ही फोनवर विचारलेत. त्याचे उत्तर फोनवर देण्याइतके छोटे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी व्यवहाराचे सांगते. ज्या कॅसेटवर घरचे चित्रीकरण असेल त्या वेगळ्या काढा आणि त्यांची डिजिटल प्रत होईपर्यंत जपून, उभ्या ठेवा. चुंबकीय फितीवरचा थर वर्षागणिक कमजोर होत जातो, आणि ती फीत चालवणारे यंत्रही आता नवे मिळत नाही. या कॅसेटची व्हीएचएस पद्धत १९७६ मध्ये बाजारात आली आणि २०१६ मध्ये ती चालवणाऱ्या व्हीसीआर यंत्रांचे उत्पादन जवळजवळ संपलेच. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट चालते का हे पाहण्यासाठीसुद्धा यंत्रात घालू नका, कारण यंत्रात शिरलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. चित्रपटांच्या कॅसेट मात्र, एक वगळता, खुशाल टाकून द्या. ती एक कोणती, हे पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. या कॅसेट आमच्यासाठी होत्या, तुम्ही त्या लावून देत होतात, आणि दादा आणि मी पडद्याला चिकटून बसलो की घरात तेवढा वेळ शांतता नांदत असे. आई, तू आतबाहेर करत असायचीस. बाबा, तुमच्यासमोर वर्तमानपत्र असायचे. त्यामुळे यांतली गाणी तुम्हा दोघांना आमच्याइतकीच पाठ आहेत, पण एकही चित्रपट तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. तुम्ही हे चित्रपट भिंतीपलीकडून ऐकलेत. गेल्या काही महिन्यांत मी त्यांतले बरेचसे चांगल्या डिस्कवर पुन्हा पाहिले, आणि माझी खात्री झाली की हे चित्रपट बनवणाऱ्या जाणत्या माणसांनी आपल्या वयाच्या प्रेक्षकालाही समोर धरले होते. आम्हा मुलांना त्यांतला फार तर अर्धा भाग कळला असेल.

अर्धा हा शब्द काही चित्रपटांच्या बाबतीत अगदी शब्दशः खरा आहे. १९५५ चा ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ सिनेमास्कोपसाठी काढलेला होता, म्हणजे त्याची चौकट उंचीच्या अडीचपट रुंद होती. त्या काळच्या टीव्हीचा पडदा चारास तीन या प्रमाणात असल्यामुळे असे चित्रपट कॅसेटवर आणताना दोन्ही बाजू छाटून टाकत आणि मधला तुकडा गरजेप्रमाणे डावी-उजवीकडे सरकवत. या कापाकापीत चित्राचा जवळजवळ निम्मा भाग जातो, आणि समोरासमोर उभी असलेली दोन पात्रे एका वेळी एकच अशी दिसू लागतात. १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’चे नुकसान तर याहून मोठे आहे. त्याची पार्श्वचित्रे आयव्हिंड अर्ल या चित्रकाराने अशी रंगवली की झाडाचे प्रत्येक पान आणि खडकाची प्रत्येक भेग रेखीव दिसावी. सत्तर मिलिमीटर फिल्मच्या भव्य पडद्यासाठी केलेले ते काम आपण दोन-अडीचशे रेषांच्या धूसर चित्रात पाहिले. याला एक सन्माननीय अपवादही आहे. संगणकावर घडवलेला ‘अ बग्ज लाइफ’ जेव्हा चौकोनी पडद्यासाठी तयार केला गेला, तेव्हा पिक्सार या स्टुडिओच्या लोकांनी बाजू आंधळेपणाने न कापता काही दृश्यांतली पात्रे नव्याने मांडून चौकटच पुन्हा रचली. हाताने काढलेल्या जुन्या चित्रपटांना ही सोय अर्थातच नव्हती.

आता बाबांना एक विनंती, आणि ती त्यांना आवडणार नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. १९५० च्या आधीचे चित्रपट मुळातच जवळपास चौकोनी चौकटीत काढलेले आहेत. ते आजच्या रुंद टीव्हीवर लावले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, आणि ते तसेच दिसले पाहिजेत. पडदा भरावा म्हणून रिमोटवरचे बटण दाबून चित्र ताणू नका. सगळी पात्रे जाडजूड होतात आणि ज्या माणसांनी वर्तुळ वर्तुळासारखे दिसावे म्हणून जिवाचे रान केले त्यांचे काम वाया जाते. त्याच टीव्हीच्या मेनूत हालचाल गुळगुळीत करण्याची एक सोय असते, तीही बंद करा. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी असतात, पण हाताने काढलेल्या चित्रपटांत बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींपर्यंत धरून ठेवलेले असते, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रे. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरे घालतो, आणि चित्रकाराने मुद्दाम दिलेला झटका किंवा थांबा त्यामुळे पुसला जातो.

कोणता चित्रपट आधी लावावा, यावर मी बराच विचार केला आणि ‘डम्बो’वर येऊन थांबले. १९४१ चा हा चित्रपट अवघ्या ६४ मिनिटांचा आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांनाही चालेल. आधीच्या दोन महागड्या चित्रपटांनी तोटा दिला होता, युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती, म्हणून हा कमी खर्चात आणि झटपट बनवला गेला. पार्श्वचित्रे साध्या जलरंगातली आहेत, आणि मला तर त्या साधेपणामुळेच तो त्या काळातल्या सगळ्या थोरामोठ्या चित्रपटांपेक्षा जवळचा वाटतो. डम्बो अख्ख्या चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. पिलाची चेष्टा करणाऱ्यांवर त्याची आई धावून जाते, म्हणून तिला पिसाळलेली ठरवून कोंडून ठेवतात, आणि एका रात्री पिलू तिला भेटायला येते तेव्हा गजांतून फक्त तिची सोंड बाहेर येते आणि ती त्या सोंडेवर पिलाला झोका देते. लहानपणी मी पूर्ण वेळ पिलाकडे पाहत असे. या वेळी मी त्या सोंडेकडे पाहत राहिले, आणि डोळा नसलेल्या, चेहरा नसलेल्या एका अवयवाकडून एवढा अभिनय कसा करून घेतला असेल, याचे नवल वाटले. आई, या प्रसंगातले अंगाईगीत लागले की तू नेमकी कुठल्या तरी कामाला निघून जायचीस, ते मला आता आठवते. या वेळी बसून राहा.

‘बॅम्बी’ त्यानंतर काही दिवसांनी लावा, लगोलग नको. १९४२ च्या या चित्रपटात हरणाची आई मारली जाते हे सर्वांना माहीत असते, पण ते दाखवलेले नाही हे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. गोळीचा आवाज येतो, बर्फ पडत राहतो, आणि पिलू हाका मारत फिरते. बाबा, तुम्हाला चित्रांची आवड आहे, म्हणून या चित्रपटातले जंगल नीट पाहा. त्यात पाने मोजता येत नाहीत. धुके, एखादे खोड, थोडा उजेड, बाकी सगळे सूचित केलेले. ही दृष्टी टायरस वाँग या चीनमध्ये जन्मलेल्या चित्रकाराची होती, आणि तिचे मूळ सुंग राजघराण्याच्या काळातल्या चिनी निसर्गचित्रांत होते. डिस्नी स्टुडिओतल्या १९४१ च्या संपानंतर त्यांना तिथून काढून टाकण्यात आले आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव नुसतेच पार्श्वचित्रकारांमध्ये लागले. पुढे ते १०६ वर्षे जगले आणि उतारवयात का होईना, त्यांचे काम लोकांनी ओळखले. कॅसेटवर हे धुके म्हणजे नुसता करडा डाग होता.

‘पिनोकिओ’साठी मी एवढेच सांगेन की शाळेच्या सकाळचे दृश्य चुकवू नका. घंटा वाजते, कबुतरे उडतात आणि कॅमेरा छपरांवरून गल्ल्यांत उतरत जातो. काचांच्या अनेक थरांवर चित्रे रंगवून, त्या एकमेकींपासून अंतरावर ठेवून, वरून कॅमेऱ्याने टिपण्याची ही युक्ती डिस्नींच्या १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात दिसली, आणि तीन वर्षांत ती इथवर पोहोचली होती.

हे सगळे आज इतके स्वच्छ दिसते, याचे कारणही गमतीचे आहे. त्या काळच्या रंगीत कार्टूनपटांत प्रत्येक चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून एकामागोमाग तीनदा कृष्णधवल फिल्मवर टिपत असत. रंगीत फिल्ममधले रंग उडतात, पण कृष्णधवल फिल्ममधली चांदी टिकते. म्हणून त्या तीन नोंदी पुन्हा एकत्र केल्या की ऐंशी वर्षांपूर्वीचा रंग परत मिळतो. १९९३ मध्ये ‘स्नो व्हाइट’ची प्रत्येक चौकट, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार चित्रे, संगणकात उतरवून धूळ आणि ओरखडे काढले गेले. संपूर्ण चित्रपटावर अशी प्रक्रिया होण्याची ती पहिलीच वेळ होती.

पण स्वच्छतेचाही अतिरेक होतो. १९५० च्या ‘सिंड्रेला’ची २०१२ मध्ये आलेली ब्ल्यू-रे डिस्क इतकी घासूनपुसून काढली होती की फिल्मच्या कणांबरोबर कपड्यांच्या आणि केसांच्या बारीक रेषाही गेल्या, आणि जाणकारांनी त्यावर बरीच टीका केली. पुढे २०२३ मध्ये मूळ फिल्मवरून नवी प्रत तयार झाली, तेव्हा त्या रेषा परत आल्या. म्हणून ‘सिंड्रेला’ची कॅसेट टाकू नका, असे मी म्हणते, ती धूसर आहे, पण तिच्यावर कोणी खोडरबर फिरवलेला नाही. हा माझा हट्ट समजा. तसेच १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’मध्ये रेषा खडबडीत, पेन्सिलच्या वाटल्या तर डिस्कमध्ये दोष आहे असे समजू नका. त्या चित्रपटापासून चित्रकारांची मूळ रेखाटने झेरॉक्सच्या तंत्राने थेट पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर उतरवू लागले. आधी ती शाईने पुन्हा गिरवली जात. स्वतः वॉल्ट डिस्नींना ते रूप फारसे रुचले नव्हते. मला मात्र ते फार आवडते, कारण त्यात काढणाऱ्याचा हात जसाच्या तसा दिसतो.

दादाची मुले तुमच्याबरोबर बसणार असतील तर एक लक्षात असू द्या. यांतल्या काही चित्रपटांत इतर वंशांच्या लोकांची थट्टा आहे. ‘डम्बो’तले कावळे आणि ‘पीटर पॅन’मधले मूळ अमेरिकन लोक ही त्याची ठळक उदाहरणे. ते भाग गाळून पुढे जाण्यापेक्षा मुलांनी विचारले तर दोन वाक्यांत सांगावे, असे मला वाटते. तुम्ही आम्हाला वाईट गोष्टी लपवून ठेवून वाढवले नाहीत, तेव्हा ते तुम्हाला जमेलच.

मी पाठवत असलेल्या डिस्कमध्ये एक चित्रपट असा आहे जो आपल्या घरी कधीच नव्हता: जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा १९८८ चा ‘माय नेबर तोतोरो’. दोन लहान बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात, आई रुग्णालयात असते, आणि जवळच्या रानात एक प्रचंड, केसाळ, गुरगुरणारा प्राणी राहतो. यात खलनायक नाही आणि फारसे काही घडतही नाही. मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी क्षयाने दीर्घकाळ आजारी होती, हे माहीत असले की चित्रपटातल्या शांततेचा अर्थ बदलतो. धाकटी मुलगी रानात तो प्राणी भेटल्याचे सांगते तेव्हा मोठी माणसे सहसा जे करतात ते तिचे वडील करत नाहीत. ते तिला खोटे पाडत नाहीत, उलट तिला घेऊन त्या मोठ्या झाडापाशी जातात आणि त्याला नमस्कार करतात. बाबा, हा माणूस दिवसभर कागदांत डोके घालून बसतो आणि तरी मुलीचे ऐकतो. यापुढे काही लिहीत नाही.

डिस्क आणि प्लेअर दादा येताना घेऊन येईल आणि जोडून देईल. आई, तुला संवाद नीट ऐकू येत नसतील तर रिमोटवरच्या सबटायटलच्या बटणाने अक्षरे सुरू होतात. टीव्हीचा आवाज वाढवत बसण्यापेक्षा ते बरे. आणि तुझ्याकडे एक काम आहे. आपल्या कॅसेट पाल या टीव्ही पद्धतीच्या होत्या. त्यात सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटी धावत, म्हणून सगळा चित्रपट चार टक्के जास्त वेगाने पळायचा आणि प्रत्येक गाणे अर्ध्या सुराहून थोडे कमी चढलेले ऐकू यायचे. ब्ल्यू-रेवर तीच गाणी मूळ पट्टीत आहेत. मला फरक कळला तो वाचल्यावर. तुझा कान माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे, तेव्हा ‘डम्बो’तले अंगाईगीत ऐकून तुला ते उतरलेले वाटले का, हे रविवारच्या फोनवर नक्की सांग.

तुमची,
धाकटी