नितीन आणि अश्विनीला, ओमच्या शाळेबद्दल

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय नितीन आणि अश्विनी,

अनेक आशीर्वाद. आई-बाबांना नमस्कार सांगा, आणि हे पत्र आईला वाचून दाखवा कारण त्यात तिच्यासाठी पण आहे. फोनवर हे सगळं धड बोलता येत नाही, तुमची सकाळची गडबड असते नाहीतर माझी, म्हणून लिहूनच काढतेय.

ओमचा रिपोर्ट नीट वाचला. स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी, वाचनाची आणि लिहिण्याची. त्याच रिपोर्टमध्ये हे पण आहे की गोष्ट वाचून दाखवली की तो ती अख्खी परत सांगतो, प्रश्नांची उत्तरं तोंडी अगदी बरोबर देतो. मग डोक्यात काय कमी आहे त्याच्या? काही नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी इतर मुलांच्या डोक्यात पटकन बसते, त्याच्या नाही बसत, तेवढंच, आणि ती बसवायची पद्धत असते, ती शिकवता येते. आईला सांगा की "नितीनपण लहानपणी असाच होता" हे ती म्हणते ते अगदी खरंय, डिस्लेक्सिया, म्हणजे हीच वाचनाची अडचण, घराण्यात चालत येतो. पण "आपोआप सुधारला" हे मला नाही पटत. शुद्धलेखनाच्या तासाला नितीन किती मार खायचा ते मला आठवतंय, ओमला त्यातून जायला लागू नये.

आणि अश्विनी, तू जे म्हणालीस ना की मी नोकरी करते, त्याच्या हातात मोबाईल दिला, म्हणून झालं असेल, ते आजपासून मनातून काढून टाक. नोकरीने डिस्लेक्सिया होत नाही, मोबाईलने होत नाही. कोणी नातेवाईक काही बोलले तर त्यांना माझा नंबर दे.

आता मुद्द्याचं. तू विचारलंस की तिकडे आमच्या लेकीसाठी, जुईसाठी, काय केलं, तिकडे सगळं सरकार करतं ना. करतं, पण आई-बाप टेबलावर बसतात म्हणून करतं. शाळेत आपण पाहुणे म्हणून जायचं नाही, मुलाबद्दल ठरवणाऱ्यांपैकी एक म्हणून जायचं, मला जे काही सांगायचंय ते एवढंच आहे.

अपंग मुलांच्या शिक्षणाचा इथला कायदा १९७५ चा, आता त्याला आयडिया (IDEA) म्हणतात. त्याच्या आधी इथे दहा लाखांवर अपंग मुलं सरकारी शाळेच्या बाहेरच होती, शाळा सरळ नाही म्हणायच्या. पेनसिल्व्हेनियात मतिमंद मुलांच्या पालकांची संघटना राज्याविरुद्ध कोर्टात गेली, १९७२ मध्ये त्यांच्या बाजूने तोडगा निघाला, आणि तसल्या केसेसमधून पुढे हा कायदा आला. म्हणजे पालकांनी भांडून आणलेला आहे तो, वरून कोणी दिलेला नाही. म्हणून त्यात पालकाला टीमचा मेंबर केलंय. मुलाची पहिली तपासणी पालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. दर वर्षी आयईपी म्हणून एक कागद बनतो, त्या मुलापुरती शिकवण्याची योजना, आणि त्यात पालकांची काळजी काय आहे याचा विचार करावाच लागतो. तीन वर्षांनी परत तपासणी. शाळेच्या तपासणीचा निष्कर्ष पटला नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चाने तपासणी मागता येते. इंग्रजी न येणाऱ्या आई-बापांना मीटिंगमध्ये दुभाषा द्यावा लागतो.

ऐकायला छान वाटतं. पण जुई पहिलीत असताना तिची टीचर मला म्हणायची की थांबा, घरी दोन भाषा आहेत म्हणून उशीर होतोय, होईल. मी थांबले नाही, मी लेखी दिलं. न्यू जर्सीत पालकाने लेखी विनंती केली की शाळेला वीस दिवसांत मीटिंग घ्यावी लागते, आणि संमती दिल्यापासून नव्वद दिवसांत तपासणी, आयईपी आणि प्रत्यक्ष सुरुवात. तोंडी बोलण्याला असली तारीख नसते हे लक्षात घे नितीन. मीटिंगला सायकॉलॉजिस्ट, लर्निंगची स्पेशालिस्ट, सोशल वर्कर, क्लासटीचर, सगळे एका बाजूला फाइली घेऊन, आणि मी. मुलाला ओळखणारं कोणीही सोबत नेता येतं, मी आमच्या मराठी मंडळातल्या एका ताईंना घेऊन गेले, त्यांचा मुलगा या सगळ्यातून गेला होता. त्यांनी मला शिकवलं की गोड वाक्यांवर सही करायची नाही. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं "जुईचं वाचन सुधारेल." सुधारेल म्हणजे किती? कधीपर्यंत? कोण मोजणार? मग बसून बदलून घेतलं, की अमुक इयत्तेच्या पातळीचा उतारा ती मिनिटाला इतके शब्द, इतक्या चुकांच्या आत वाचेल, आठवड्यातून इतक्या वेळा स्पेशल टीचर छोट्या ग्रुपमध्ये तिला घेईल, आणि दर काही महिन्यांनी मला लेखी कळवतील. आज ती स्वतःहून पुस्तक उचलते.

पालकांना हे शिकवायला इथे प्रत्येक राज्यात निदान एक तरी केंद्र असतं, आमच्याकडे स्पॅन म्हणून पालकांनीच चालवलेली संस्था आहे, फोन केला की अशीच एखादी आई उचलते. शिवाय शाळांच्या प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये स्पेशल एज्युकेशनच्या पालकांचा सल्लागार गट असावा लागतो, त्यात मी आता जाते. इथेही सगळं सुरळीत आहे असं समजू नका हं. इथल्या केंद्र सरकारने या मुलांच्या शिक्षणाच्या जादा खर्चाचे चाळीस टक्के देऊ म्हटलं होतं, ते कधीच पूर्ण दिले नाहीत, स्पेशल टीचर मिळत नाहीत, आणि ज्या आईला दोन नोकऱ्या आहेत तिला दुपारच्या मीटिंगला यायला जमत नाही, मग तिच्या मुलाला कमी मिळतं. हे मी बघते आणि मला फार लागतं ते.

आता मुंबईचं. तुमच्याकडे काही नाही असं नाहीये, फक्त कोणी एका जागी आणून देत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात एकवीस प्रकार आहेत आणि ओमची लर्निंग डिसॅबिलिटी त्यात आहे, शाळांनी ती लवकर ओळखायची आणि मदत करायची हे कायद्यातच लिहिलंय. शाळेने तुम्हाला "दुसरी शाळा बघा" असं सुचवलं म्हणालीस, ते ऐकून घेऊन गप्प बसू नका. आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे २००९ च्या आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, आहे. भांडायला जाऊ नका पण हे माहीत आहे एवढं त्यांना कळू दे.

सगळ्यात आधी सायन हॉस्पिटल. भांडुपहून स्लो ट्रेन सरळ जाते. केसपेपर काढायचा आणि तिथल्या लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिकचं विचारायचं. केईएम आणि नायरला पण होतं. तुम्ही खाजगी रिपोर्टला एवढे पैसे घातले ते वाया नाही गेले, त्यावरून शिकवणी सुरू करता येईल, पण पुढे बोर्डाच्या सवलतीसाठी सरकारी किंवा महापालिकेच्या मान्य हॉस्पिटलचंच सर्टिफिकेट लागतं. वेटिंग लांब असतं म्हणून आत्ताच नाव घाला. डोळे आणि कान तपासून घ्या, ते विचारतातच. त्याच्या वह्या न्या, नीटनेटक्या नाही, खराब झालेल्या, खाडाखोड असलेल्या, त्यातच सगळं दिसतं. आणि तपासणी मराठीत करा असा आग्रह धरा. मराठी मिडियमच्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला लावून काय कळणार, त्याचं अडतं ते जोडाक्षरात, काना-मात्रेत, ट-ठ आणि ड-ढ मध्ये. भारतीय भाषांसाठी डाली म्हणून चाचणी आहे, मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने बनवलेली, २०१५ मध्ये आली, त्यात मराठी आहे. विचारा की कोणती चाचणी घेणार.

महाराष्ट्रात दहावीला या मुलांना १९९६ पासून सवलती आहेत, जादा वेळ मिळतो, शुद्धलेखनाचे मार्क कापत नाहीत, एका भाषेऐवजी दुसरा विषय घेता येतो. दहावी लांब आहे पण तिसरीत हे माहीत असलं की छातीवरचं ओझं उतरतं.

शिकवण्यासाठी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन आहे मुंबईतच, स्पेशल एज्युकेटर कुठे मिळतील ते त्यांना विचारा. उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर आहे, ते पालकांबरोबर फार चांगलं काम करतात. ऐकण्या-बोलण्याचा काही संशय आला तर बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, केंद्र सरकारची. आणि तुमच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला ऑटिझम आहे ना, त्यांना सांग की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व यांच्यासाठी. ओमला तो लागू नाही पण त्या बाईंना कोणी सांगितलं नसेल.

आता शाळेला पत्र द्यायचं. ओमची शाळा अनुदानित आहे म्हणून तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालक असायला हवेत. अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देते, पण सल्ला देणाऱ्यांत आपलं माणूस असणं काही कमी नाही, पुढच्या वेळी अश्विनीने उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. पत्रात तक्रार नको, मागण्या स्पष्ट: पुढच्या बाकावर बसवा, वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका, फळ्यावरून उतरवायला लावण्याऐवजी झेरॉक्स द्या, चाचणीला जादा वेळ द्या, विज्ञान आणि परिसर अभ्यासात तोंडी उत्तर चालू द्या, शुद्धलेखनाचे मार्क फक्त शुद्धलेखनाच्या पेपरात कापा. यातल्या एकालाही शाळेचा पैसा लागत नाही. ऑफिसात आवक नंबर घालून दुसऱ्या कॉपीवर शिक्का घ्या. वर्गाच्या बाई चांगल्या आहेत म्हणालीस, त्यांना एकटं गाठून आधी प्रेमाने सांग, पन्नास पोरांचा वर्ग असतो, त्यांनाही कोणीतरी शिकवायला हवं ना.

नितीन, हे तुझ्यासाठी. शाळेतल्या मीटिंगला तू जायचंस. सुट्टी टाक. एकटी आई आली की "जरा काळजी जास्त करतात" म्हणून सोडून देतात, दोघं बसलात की वही काढून लिहून घेतात, हे इथेही तसंच आहे. आणि घरी रोज थोडा वेळ, शाळेचा अभ्यास सोडून, तू त्याला वाचून दाखव, त्याला आवडेल ते, किल्ल्यांचं, क्रिकेटचं, काहीही. तो वाचत नाही म्हणून त्याचं ज्ञान थांबायला नको. तुलाही वाचायला त्रास व्हायचा हे त्याला सांग, त्याला खूप बरं वाटेल.

एक फाइल करा, आजपासून. रिपोर्ट, केसपेपर, पत्रांच्या शिक्केवाल्या कॉपी, वह्यांची पानं तारीख घालून. सर्टिफिकेट मिळालं की स्वावलंबनच्या सरकारी वेबसाइटवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा.

शाळेच्या पत्राचा मराठी मसुदा मी शनिवारी टाइप करून व्हॉट्सअपला टाकते, त्यात ओमची जन्मतारीख आणि तुकडी तुम्ही भरा, आणि अश्विनी, तुला जे वाक्य खटकेल ते बिनधास्त बदल, त्याला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. सायनला जायचा दिवस ठरला की कळवा, कुठली कागदं न्यायची ते आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर एकदा बघून घेऊ.

ओमला खूप खूप पापे.

तुमची,
ताई