सहा गाणी, याच क्रमाने

प्रिय दोस्ता,

मागच्या फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, "आता नवीन गाणी आत शिरतच नाहीत गं. जुनीच लावतो, तीही सवयीने." मग तू दुसऱ्या विषयाकडे वळलास, मी मात्र त्याच वाक्यापाशी राहिले. गाणं नीट ऐकायचं कसं हे मला तुझ्यामुळे कळलं. त्या तुझ्या तोंडून हे ऐकणं मला जड गेलं.

तू मला दिलेली ती साठ मिनिटांची कॅसेट आठवते? एका बाजूला तीस मिनिटं. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं टेप संपल्यामुळे अर्ध्या ओळीवर तुटलं होतं आणि आतल्या कार्डावर तू त्या गाण्याच्या नावापुढे निळ्या शाईने "अर्धं" असं लिहिलं होतंस. कितीतरी वर्षं मी ते तसंच ऐकलं. पुढे कधीतरी ते पूर्ण गाणं कानावर पडलं, ती ओळ पुढे सरकली आणि मला एकदम परकं वाटलं. माझं गाणं तिथे तुटायचं!

गेल्या वर्षी माझी झोप उडाली होती हे तुला माहीत आहे. त्या रात्री मी हेडफोन लावून काय काय ऐकलं याचा हिशोब नाही. बरंचसं विरून गेलं, थोडं राहिलं. त्या थोड्यातली सहा गाणी तुझ्यासाठी काढली आहेत. माझ्यासाठी ती नवी, जगासाठी त्यातली काही जुनी. सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत बसतात, म्हणजे तुझ्या कॅसेटच्या एका बाजूत मावली असती, आणि एकही तुटली नसती.

"इंडी" म्हटलं की तू नाक मुरडायचास, हा काय गाण्याचा प्रकार झाला म्हणून. तुझं बरोबर होतं. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, मुळात काम करण्याची पद्धत. १९७७च्या जानेवारीत बझकॉक्स या इंग्लिश बँडने उसने पैसे गोळा करून स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीतून, चार गाण्यांची एक हजार रेकॉर्ड्‌स काढली. मोठ्या कंपनीच्या दारात उभं न राहता हे जमतं, असं त्यानंतर पुष्कळांना कळलं. सूर कुठलाही असो, गाणं आपल्या हातात ठेवायचं, एवढंच. म्हणून या सहांचे आवाज एकमेकांशी जुळणार नाहीत.

पहिलं हेरमानोस गुतिएरेस यांचं, 'एल बुएनो इ एल मालो', २०२२मधलं. आई इक्वेडोरची, वडील स्वित्झर्लंडचे, असे हे दोघे भाऊ. गिटारी बोलतात, शब्द नाहीत. मुद्दाम आधी ठेवलंय. शब्द आले की तू लगेच त्यांचा अर्थ लावायला बसतोस. आधी नुसते कान उघडू देत.

दुसरं एड्रियान लेंकरचं 'एनीथिंग'. २०२०च्या सुरुवातीला साथीमुळे तिच्या बिग थीफ या बँडचा दौरा अर्ध्यावर थांबला, त्यातच एक नातं तुटलेलं. ती मॅसॅच्युसेट्‌समधल्या डोंगरात एका खोलीच्या लाकडी घरात जाऊन राहिली. ती खोली तिला गिटारच्या पोटात बसल्यासारखी वाटायची. मग एका ध्वनिमुद्रकाला बोलावून घेतलं आणि संगणकाला हात न लावता सगळं टेपवर रेकॉर्ड केलं. त्या अल्बममध्ये बाहेरची पाखरंही ऐकू येतात. स्टुडिओत ज्या आवाजांना काच लावून बाहेर ठेवतात, त्यांना इथे घरात घेतलंय. गाण्यात भांडण आहे, लाड आहेत, आणि ती इतकी जवळून गाते की मी पहिल्यांदा ऐकताना आवाज कमी केला होता, कुणाचं तरी खासगी बोलणं ऐकतोय असं वाटून.

तिसऱ्याला तयार राहा. एम्दू मोक्तार, नायजरचा गिटारवादक, सहारातल्या तुआरेग जमातीचा. डावखुरा. घरच्यांना गिटार पसंत नव्हती, म्हणून त्याने लाकडाची स्वतःच बनवली आणि तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. त्याची सुरुवातीची गाणी सहारात पसरली कशी, तर मोबाइलमधून. इंटरनेट नसलेल्या भागात लोक मेमरी कार्डावर नाहीतर ब्लूटूथने एकमेकांना गाणी देत. कुणाच्या फोनमधून कुणाच्या फोनमध्ये, गायकाचं नावही वाटेत गळून जाई. एका छोट्या अमेरिकन लेबलने असल्या फोनमधली गाणी गोळा करून संग्रह काढला, त्यात त्याचं गाणं होतं, आणि त्यावरून माग काढत लेबलवाला त्याच्यापर्यंत पोहोचला. मला ही गोष्ट कळली तेव्हा तुझी कॅसेटच आठवली. हे लोक तेच करत होते, फक्त मैलोन्‌मैल.

मी निवडलंय ते 'अफ्रिक व्हिक्टिम', २०२१चं. सात मिनिटांहून मोठं. वसाहतवादाने आफ्रिकेचं काय केलं याबद्दल तो तमाशेक या तुआरेगांच्या भाषेत आणि फ्रेंचमध्ये गातो, आणि शब्द संपल्यावर गिटार बोलायला लागते. लय वाढत जाते, वाढत जाते, शेवटी तर हातातून निसटेल इतकी. तारा छेडायची पट्टी, पिक, तो वापरत नाही, नुसती बोटं. हे गाणं बसून ऐकू नकोस. उभा राहा, चाल, काहीही कर.

त्यानंतर एकदम शांत करायचं होतं. तिथे काय ठेवावं यावर मी आठवडा घालवला. आधी सिगुर रोस या आइसलंडच्या बँडचं ठेवलं होतं, त्यांच्या २००२च्या निनावी अल्बममधलं. आठही गाण्यांना नावं नाहीत, भाषा अर्थ नसलेली, सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी, म्हणजे ऐकणाऱ्याने आपले शब्द लिहावेत. मला तो विचार फार आवडतो. पण ती गाणी सोबतच्या गाण्यांना जागाच देत नाहीत, सगळी खोली व्यापतात. काढलं. तुला ते वेगळं पाठवेन.

तिथे आलं आरूज आफ्ताबचं 'मोहब्बत'. शब्द हफीज होशियारपुरींच्या गझलेचे, मेहदी हसन यांच्यामुळे तुला ते पाठ आहेत. म्हणूनच भीती वाटत होती. पण ती त्या वाटेने जातच नाही. मैफलीतली दाद, शेराची उचल, काही नाही. हार्प आणि गिटारच्या मधून आवाज संथ येतो, एकेक शब्द पाण्यात सोडल्यासारखा. या अल्बमचं काम चालू असताना तिचा धाकटा भाऊ गेला, अल्बम त्यालाच अर्पण केलाय. प्रेमाची गझल शोकाची होते आणि त्यासाठी एकही शब्द बदलावा लागत नाही. २०२२मध्ये या गाण्याला ग्रॅमी मिळालं, पाकिस्तानी कलाकाराला मिळालेलं पहिलं. ते मला नंतर कळलं. मी पहिल्यांदा ऐकलं ते पहाटे साडेतीनला, आणि त्या रात्री मला झोप लागली. तू गेल्या दोन वर्षांत जे सोसलंस त्यावर मला फोनवर काही बोलता आलं नाही. या गाण्याच्या जागी मी ते ठेवलंय असं समज.

पाचवं डॅनियल जॉन्स्टनचं, 'ट्रू लव्ह विल फाइंड यू इन द एंड'. दोन मिनिटांचंही नाही. आवाज कापरा, गिटार जेमतेम सुरात, आणि मागे टेपची खरखर. मोठ्या आवाजात लावलंस तर खरखरच मोठी होईल, तेव्हा आहे तसंच ऐक. हा माणूस ऐंशीच्या दशकात घरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर गाणी रेकॉर्ड करायचा, कॅसेटची चित्रं स्वतः काढायचा आणि भेटेल त्याच्या हातात कॅसेट ठेवायचा. सुरुवातीला त्याच्याकडे कॅसेटची नक्कल काढायची सोयच नव्हती. कुणी कॅसेट मागितली की तो घरी जाऊन सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून म्हणून रेकॉर्ड करायचा. प्रत्येकासाठी नव्याने! मनाच्या आजाराशी आयुष्यभर झुंजत २०१९मध्ये तो गेला. हे वाचल्यापासून मला प्लेलिस्टची लिंक नुसती धाडून द्यायला जमेना, म्हणून हे पत्र.

शेवटचं वाश्टी बन्यनचं 'डायमंड डे'. १९६८मध्ये ती मित्राबरोबर घोडागाडी घेऊन लंडनहून उत्तरेकडे स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली आणि वाटेत गाणी रचत गेली. १९७०च्या शेवटी अल्बम आला, कुणी विचारला नाही. तिने गिटार बाजूला ठेवली. २०००मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा कुठे लोकांनी ऐकला, आणि २००५मध्ये तिचा दुसरा अल्बम आला. मधे पस्तीस वर्षं. गाणं मात्र बघ, शेताचं, पेरणीचं, इतकं हलकं की संपलेलं कळत नाही.

आता ऐकण्याबद्दल. शफल, म्हणजे गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय, बंद कर. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारी सोय असेल तर तीही बंद कर, मला गाण्यांमधली शांतता हवी आहे, खास करून तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधली. फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, हार्प ऐकूच येणार नाही. आणि एखादं मनात राहिलं तर बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर किंवा त्या कलाकाराच्या साइटवर विकत घे. या लोकांपर्यंत पैसे सरळ पोहोचले तरच पुढचा अल्बम होतो.

आवडलंच पाहिजे असं नाही. पहिलं कंटाळवाणं वाटलं तर तसं सांग, मी वाद घालीन. पण मधे थांबवलंस तर कुठे थांबवलंस ते मला नक्की हवं, कुठलं गाणं, कुठली ओळ. कार्डावर "अर्धं" लिहायचास ना, तसं. रविवारी रात्री मी फोन करते.

तुझीच