देव मानता की नाही, एवढंच विचारायचं का?

संपादक महोदय,

मागच्या रविवारी आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारात एका घरगुती काव्यवाचनाला गेलो होतो. एका पोराने कुलदैवतावरची कविता वाचली, त्यात देवघरातला खंडोबाचा टाक (देवाची प्रतिमा उठवलेला धातूचा छोटा पत्रा) आहे, आजी तो चिंचेने घासते, आणि त्याला प्रश्न पडतो की घासून घासून नाक-डोळे गेलेत तर आता आजी नमस्कार नेमका कोणाला करते. मला तर जाम आवडली! पण लगेच एक काका उठले, म्हणे तू देव मानतोस की नाही ते आधी सांग. पोरगा बिचारा गप्पच झाला.

अहो, खंडोबाच्या जेजुरीवरची अरुण कोलटकरांची 'जेजुरी' ही कवितामाला काय आहे मग? इंग्रजीत लिहिलेली, १९७७ चं कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालेली, त्यात भक्ती किती नि थट्टा किती यावर लोक अजून भांडतात आणि भांडू देत की. आणि कवी दिलीप चित्रे तर आपल्या बडोद्यातच जन्मले, १९३८ साली, त्यांनी तुकोबा इंग्रजीत नेला. तुकोबा स्वतः विठ्ठलाशी किती भांडलेत ते गाथेत बघा, त्यांना कोणी विचारलं नाही मानता का म्हणून (वह्या बुडवायला लावल्या ती गोष्ट वेगळी).

आमच्याकडे घरात मराठी, बाहेर गुजराती, जेजुरीला पाच-सात वर्षांतून एकदा जाणं होतं. म्हणजे आमचं मराठीपण बरंचसं त्या टाकातच उरलंय, मग पोरांनी त्यावर नाही लिहायचं तर कशावर लिहायचं?

एक वाचक, वडोदरा