आधी ते बूट काढ

इंदूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

तुझा फोटो पाहिला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराची गच्ची, मागे दोरीवर वाळणाऱ्या चादरी, अंगात बंडी-लेंगा आणि पायात पंचवीस वर्षांपूर्वीचे स्नोबोर्डचे हार्डबूट, ते कडक कवचाचे. खाली लिहिलंयस, 'अजून नव्यासारखे आहेत, फेब्रुवारीत निघू या.' हिला हसू आवरेना. मला मात्र घाम फुटला. तर एक काम कर, आधी ते बूट काढ आणि मग पुढचं वाच.

माझेही नव्यासारखेच होते रे. दसऱ्याच्या आधी घर आवरताना माळ्यावरनं सगळं खाली काढलं. आई दर वर्षी विचारते, 'ती इस्त्रीची फळी टाकणार आहेस की नाही?' इतक्या वर्षांत तिला स्नोबोर्ड आणि इस्त्रीची फळी यांतला फरक पटलेला नाही, आणि तिचंही खरं आहे, रामबागेत राहणाऱ्या माणसाला एक मीटर त्रेसष्ट सेंटिमीटरच्या अरुंद फळीचा दुसरा काय उपयोग? बूट पुसले, लखलखले. पाय घातला, बकला आवळल्या, आणि त्या जुन्या सवयीनं गुडघे वाकवून पुढे रेललो. कट्ट असा आवाज झाला. वाटलं, गुडघाच गेला. खाली बघतो तर उजव्या बुटाची मान घोट्याच्या खिळीपासून वरपर्यंत उभी फाटलेली. डाव्याला अंगठ्यानं दाबलं तर टाचेचा तुकडा शिळ्या चिक्कीसारखा हातात आला.

नंतर कारण शोधत बसलो. या बुटांचं कवच पॉलियुरेथेनचं. दिसायला दगड, पण हवेतली ओल त्याच्यात मुरते आणि आतल्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते. उष्णता असली की हे काम आणखी वेगानं होतं. वापरा की न वापरा, घड्याळ चालूच. आता तूच सांग, पत्र्याखालचा माळा, मे महिन्यात बेचाळीस डिग्री आणि त्यावर चार महिने पावसाळा, असं बावीस वर्षं. तुझ्या ग्वाल्हेरचा उन्हाळा तर आमच्यापेक्षा वरचढ. हे गच्चीवर फाटलं म्हणून मी हसत सांगतोय. ताशी साठच्या वेगात, बर्फावर कडेवर रेललेला असताना आणि उणे दहात प्लास्टिक आणखी ठिसूळ झालेलं असताना फाटलं असतं, तर हे पत्र हिनं लिहिलं असतं.

तेव्हा बूट बाद. तुझेही. तडा दिसत नाही म्हणून ते चांगले आहेत असं धरू नकोस. माझ्याही बुटांवर आदल्या दिवशी काही दिसत नव्हतं.

खरं सांगू? दोन दिवस मला वाईट वाटलं. मी ते बूट जपले होते ना! जिना चढताना धाप लागली की मनात यायचं, असू दे, वरती बूट आहेत. म्हणजे मनात आलं तर जाता येईल. आणि ते तर तिथल्या तिथे कुजत होते.

बोर्डाची गोष्ट मात्र निराळी निघाली. तुला आठवतं, म्युनिकच्या त्या कँटीनमध्ये नॅपकिनवर तू हिशेब मांडला होतास? बोर्डाच्या कमरेची जी गोलाई कापलेली असते, म्हणजे साइडकट, तिची त्रिज्या, गुणिले बोर्ड जितका कलंडवला त्या कोनाची कोसाइन, की आली वळणाची त्रिज्या. दहा मीटरचा साइडकट साठ अंशांवर टाकला की वळण पाच मीटरचं. त्या नॅपकिननंतर आपण दोघंही बिघडलो. बाकीची मंडळी मऊ बुटांत, बोर्ड आडवा घासत खाली यायची. ते बर्फ रंधत होते, आपण कापत होतो. नाकानं जिथे चर पाडली तिच्यातूनच शेपूट जायला हवी, मागे पेन्सिलीएवढी एकच रेघ. रेघ जाड दिसली की त्या संध्याकाळच्या बिअरचे पैसे ज्याची रेघ त्याचे. बहुतेक मीच द्यायचो.

तर त्या फळीची तपासणी मी रीतसर केली. आधी नाण्यानं ठोकत गेलो, भिंतीचं प्लास्टर ठोकतात तसं. शेपटीकडे बोटभर जागेत आवाज पोकळ आला. तिथे इपॉक्सी सोडून सुताराकडच्या शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवली. कडांना गंज होता, पण वरवरचा. तेवढ्यात दारावरनं धार लावणारा चालला होता, त्याला नुसती दाखवली. तो म्हणाला, 'भिया, ये कौन सी तलवार है? बीस रुपये में चमका दूँगा.' हात जोडले. चाकावर धरली की कड तापून पोलाद मऊ पडतं आणि कोन तर देवालाच ठाऊक. कानस आणि कोन धरणारा साचा घेऊन स्वतः बसलो, बाजूची कड अठ्ठ्याऐंशी अंशांवर आणली, बूड जेमतेम एका अंशानं उतरवलं. बूड सुकून पांढरं पडलं होतं. हिच्या जुन्या इस्त्रीनं पाच वेळा मेण पाजलं, तेव्हा कुठे रंग परतला. मेण खरवडायला नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानातून ॲक्रिलिकची पट्टी कापून आणली. आईनं हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, 'बघ, मी म्हणत होते ना, इस्त्रीचीच फळी आहे.'

आता तू विचारशील, मग बूट नवे घे आणि फळी तीच वापर. पहिल्या दिवसापुरतं तेच करणार आहे. पण मधल्या काळात या फळ्याही बदलल्यात, आणि थोड्याथोडक्या नाही. आपल्या वेळी लाकडाचा गाभा आणि काचतंतू, बस. आता आत टायटॅनलचा, म्हणजे एका ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, पातळ पत्रा घालतात. टणक बर्फावर आपली फळी कशी दात वाजवल्यासारखी थडथडायची आठवतं? तो थरथराट हा पत्रा गिळतो. नाक थोडं आधीच उचललेलं असतं, त्यामुळे वळणात शिरताना भांडावं लागत नाही. आणि साइडकट एकाच त्रिज्येचा राहिलेला नाही, नाकापासून शेपटीपर्यंत तो बदलत जातो. म्हणजे तुझ्या नॅपकिनवरचं ते सुबक सूत्र आता म्हाताऱ्यांच्या गप्पांत जमा. हान्सयुर्ग केसलर नावाच्या स्विस माणसाच्या फळ्यांनी यात मोठी उलथापालथ केली आणि शर्यतीतले लोक धडाधड तिकडे वळले. किंमत हजार युरोच्या वर. ती ऐकून मी राजवाड्यावर जाऊन दोन प्लेट पोहे खाल्ले, जिलेबीसकट.

आणखी एक. आपल्या फळ्यांची कंबर अठरा सेंटिमीटर आणि पाय सत्तावीसचे. म्हणून पाय साठ-साठ अंशांत वळवून जवळजवळ नाकासमोर करावे लागायचे, नाहीतर वळणात बुटाचं टोक बर्फात रुतायचं आणि फळी हवेत. आता वीस-एकवीसच्या कमरेच्या फळ्याही सर्रास मिळतात. पन्नास-पंचावन्न अंशांत भागतं. माझ्या कंबरेला हे फार मानवेल. (फळीची कंबर वाढली ते एक वेळ ठीक, पण माझी कुणी विचारली होती?)

बाइंडिंगचं, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणाऱ्या पकडीचं, मात्र भावनेत येऊन काही ठरवू नकोस. तुझ्याकडे ती पुढे चापवाली जुनी जोडी आहे, तिचे चापही प्लास्टिकचेच. जे बुटाला झालं तेच त्यांना. शिवाय तुझा बोर्ड बर्टन, म्हणजे तीन भोकांचा त्रिकोण. बाकी बहुतेक जगाची चार भोकं, चार-चार सेंटिमीटरवर. नवं बाइंडिंग घेताना बुडाची चकती कुठली येते ते आधी विचार, नाहीतर डोंगरावर जाऊन नुसते स्क्रू मोजत बसशील. मी टाचेत खटका असणारी, ती इन्टेक टाचेची पद्धत घ्यायच्या विचारात आहे. नुसतं उभं राहायचं, टाच दाबायची, खट्. काढताना पोटरीपाशी दोरी ओढायची. पोट आडवं येत असताना वाकून चाप लावायचं वय आपलं आता राहिलेलं नाही.

पैसे मोजके असतील, आणि आहेतच, तर माझा क्रम असा: आधी बूट, मग बाइंडिंग आणि उरले तर फळी. उलटा क्रम लावणारे खूप असतात, कारण फळी भिंतीला टेकवून बघत बसता येते.

'गुलमर्गलाच जाऊ, परदेश कशाला' असं तू म्हणतोस. जाऊ, पण यासाठी नाही. गुलमर्गची कीर्ती आहे ती गोंडोल्यानं वर अफरवटला जाऊन खोल, भुसभुशीत बर्फात उतरण्याची. आपली अरुंद, ताठ फळी तिथे चमच्यासारखी बुडेल. आपल्याला हवा यंत्रानं रात्रभर दाबलेला, सकाळी मखमली कॉर्डरॉयसारखा दिसणारा रुंद उतार. तो तिथे आहे, पण खालच्या बाजूला, थोडका आणि नवशिक्यांनी भरलेला. त्यांच्यामधून आपण कलंडत गेलो तर मार खाऊ. शिवाय २०२४ च्या जानेवारीत तिथे बर्फच नव्हता, फोटोत नुसतं पिवळं गवत दिसत होतं. औलीचा विचार केला, तर जोशीमठची जमीन खचल्यापासून, २०२३ पासून, तिथला तो रोपवे बंद.

म्हणून पुन्हा त्सिलरटाल, ऑस्ट्रियातल्या टिरोलची आपली ती दरी. लेक म्युनिकला शिकते आहे, तिच्याकडे दोन रात्री, मग गाडीनं येनबाख आणि तिथून ती छोटी गाडी मायरहोफेनपर्यंत. पहिल्यांदा तिच्यात बसलास तेव्हा तू आख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाला होतास, 'अरे, ही तर आमची श्योपूरची गाडी!' तुझे रूळ दोन फुटी, त्यांचे अडीच फुटी, यावरून आपण पाऊण तास भांडलो होतो. तुझी ती गाडी बंद पडली हे वाचलं तेव्हा तुझीच आठवण आली. त्यांची अजून चालते.

नागानोही आठवलं परवा. १९९८ चा फेब्रुवारी, आपल्या त्या खोलीतला टीव्ही, स्नोबोर्ड पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये, आणि पहिलं सुवर्ण आपल्या जातीच्या बोर्डाला. तो कॅनडाचा रॉस रेबाग्लियाती, जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या फाटकांमधून वळत उतरायच्या शर्यतीत. मग गांजाच्या अंशावरून पदक काढून घेतलं, मग परत दिलं. तू म्हणालास, 'जायंट स्लॅलममध्ये गांजानं वेग वाढत असता, तर आमच्या लष्करातले निम्मे लोक चॅम्पियन असते.' बायकांचं सुवर्ण कारीन रुबीला मिळालं होतं. ती २००९ मध्ये माँ ब्लाँवर पडून गेली, हे मला फार उशिरा कळलं.

वयाचं कारण देऊ नकोस, तेही तपासून झालंय. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाचा बेंजामिन कार्ल स्नोबोर्डचं सुवर्ण घेऊन गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, आणि इटलीचा रोलांड फिशनालर, १९८० चा जन्म, तोही त्या शर्यतीत होता. आपण त्यांच्याहून बरेच मोठे, मान्य. पण आपल्याला घड्याळाशी कुठे शर्यत लावायची आहे? मी सध्या रोज सकाळी रालामंडल चढतो. चढताना काही नाही, उतरताना गुडघे बोलतात. रात्री गच्चीवर सागाच्या फळकुटावर पाय तिरके आखून उभा राहतो, एकदा बोटांच्या बाजूला, एकदा टाचांच्या. टाचेच्या बाजूला मी तेव्हाही कच्चाच होतो. खुर्चीवर बसल्यासारखा मागे पडायचो आणि तू वरून ओरडायचास, 'बसू नको रे, जेवायला नाही बोलावलंय!' ते अजून सुधारलेलं नाही. शेजारचे काका रोज कठड्यावरून बघतात. काल त्यांनी विचारलं, हे कुठलं आसन. मी म्हटलं, टिरोलासन. त्यांनी मान डोलावली.

आता कामाचं. बूट इथून मागवायचे तर माप अचूक पाहिजे. चपलेचा नंबर मला सांगू नकोस. संध्याकाळी, दिवसभर हिंडून पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभा राहा, पूर्ण वजन टाक आणि सर्वांत लांब बोटाशी वहिनींना रेघ मारायला सांग. तू स्वतः वाकलास की माप चुकतं. पायाची रुंदीही काढ. बूट आले की आतलं मऊ अस्तर आधी काढून नुसत्या कवचात पाय घालून बघायचा. बोटं पुढे टेकल्यावर टाचेमागे बोटभर, फार तर दीड सेंटिमीटर जागा हवी. जास्त असेल तर परत. अस्तर मग तापवून पायावर बसवून घेता येतं. मोठा बूट घेऊन दोन मोजे घालायची तुझी १९९९ ची युक्ती विसर. त्याच युक्तीमुळे टिरोलमधल्याच स्टुबाईला तुझी टाच आत उचलली गेली आणि गळ्याचं हाड मोडलं. तू आजपर्यंत दोष त्या बर्फाच्या ढेकळाला देतोस.

तर माप पाठव, मिलिमीटरमध्ये, दोन्ही पायांचं वेगवेगळं. आणि ते बूट वहिनींनी परत माळ्यावर ठेवायच्या आत भंगारवाल्याला दे.

तुझा,
नान्या

ता. क. बकला मात्र काढून ठेव, त्या ॲल्युमिनियमच्या आहेत. नव्या बुटांना बसल्या नाहीत तरी हरकत नाही.