आबांच्या वांग्याच्या भाजीवरचा आळ पुसणाऱ्या मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. स्वतःचा गाजावाजा तुम्हाला आवडत नाही, हे तुमच्या वागण्यातून तेव्हाच कळलं होतं. पत्र मात्र उघडच लिहितोय. गावातल्या एका लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली आणि माझ्या वडिलांवर, आबांवर आळ आला तो पारावर, हॉटेलात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. मग तुमचे आभार तेवढे कानात का सांगायचे?

आमचे आबा परभणी जिल्ह्यातले आचारी. लग्न, बारसं, सप्ताह, तेरवी, कुठलीही पंगत असो, पंचक्रोशीत त्यांनाच बोलावणं असायचं. त्या लग्नात वांग्याची भाजी, वरण-भात आणि पुऱ्या त्यांच्या हातच्या होत्या. बासुंदी यजमानांनी बाहेरून तयार मागवली होती. ती सकाळीच कॅनमध्ये भरून आली आणि मांडवाच्या कडेला ठेवली गेली. मे महिना, पारा ४२ च्या आसपास. वरात लांबली, मुहूर्त टळला आणि पंगती बसायलाच दुपार कलली.

दिवेलागणीच्या आत घराघरांत उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात एका खाटेवर दोन-दोन लेकरं होती, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या होत्या. सगळे सुखरूप घरी आले, हे आमचं नशीब. पण रात्र सरायच्या आत गावानं निकाल देऊन टाकला की आचाऱ्याच्या भाजीनं घात केला. कुणी म्हणे वांग्यावर फवारा मारलेला होता, कुणी म्हणे तेल जुनं होतं, कुणाला भांड्याची कल्हई गेलेली दिसली. पुढच्या तिथींचे इसार लोक परत मागायला लागले. आबांनी एका शब्दानं वाद न घालता ते देऊन टाकले आणि नंतर माणसांत बसणंच सोडलं.

जिल्ह्याच्या आरोग्य पथकाबरोबर तुम्ही आलात तेव्हा आम्हाला वाटलं, आता कागदावर शिक्का बसणार. तुम्ही तर आबांजवळ बाजेवर बसलात आणि स्वयंपाकाची सगळी हकिगत पहिल्यापासून विचारली. चूल किती वाजता पेटवली, वरण कधी उतरवलं, भात कशानं झाकला, पुऱ्यांची कणीक कुणी मळली. आबा म्हणाले, "मॅडम, भाजी तं चुलीवरून थेट पत्रावळीत गेली. शेवटची पंगत उठेपर्यंत मी खालचा जाळ विझू दिला नाही." तुम्ही ते जसंच्या तसं लिहून घेतलंत. मग समजावून सांगितलंत की साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जिवाणू वाढतात, त्याहून गरम राहिलेल्या अन्नात त्यांना वाढता येत नाही. जी गोष्ट आबा इतकी वर्षं हाताच्या अंदाजानं करत आले, तिला शास्त्राचा आधार आहे हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मी शेजारी उभा राहून पाहिलंय.

तुमची दुसरी गोष्ट गावाला अजून नवलाची वाटते. जे आजारी पडले नव्हते त्यांच्याही घरी तुम्ही गेलात आणि त्यांनाही तेच प्रश्न विचारलेत. धडधाकट माणसाला काय विचारायचं, म्हणून लोक कुजबुजत होते. पण सगळा उलगडा तिथेच झाला. शुगरवाल्या मंडळींनी भाजी-पुरी पोटभर खाल्ली होती, बासुंदीला हात लावला नव्हता. ते ठणठणीत होते. ज्यांना उपवास होता त्या बायांनी बासुंदीशिवाय काहीच घेतलं नव्हतं आणि त्या आडव्या झाल्या होत्या. एक मावशी तर पंगतीला बसल्याच नव्हत्या. नातवंडांसाठी डबाभर बासुंदी घेऊन गेल्या, आणि आजारी पडली ती नातवंडं. त्या डब्यात तळाशी उरलेली बासुंदी तुम्ही बर्फाच्या पेटीत घालून नेलीत.

उलट्या जेवणानंतर दोन-चार तासांतच सुरू झाल्या, ताप जवळजवळ कुणालाच नव्हता. एवढ्यावरून तुमचा संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या जिवाणूवर गेला होता. साल्मोनेला हा दुसरा जिवाणू असता तर सहसा त्याहून जास्त वेळ लागतो आणि तापही येतो, हे तुम्ही सांगितलंत. हा स्टॅफिलोकॉकस अन्नाच्या एका ग्रॅममध्ये लाखाच्या पुढे वाढला की पोट बिघडवण्याइतकं विष तयार होतं. वासात फरक नाही, चवीत नाही. नंतर उकळलं तर जिवाणू मरतात, विष तसंच राहतं. हे ऐकून आमची आई बराच वेळ गप्प होती. "उकळलं की शुद्ध" हे आमच्या घरातलं पक्कं गणित होतं.

प्रयोगशाळेत तुम्ही रुग्णांकडून मिळालेले आणि बासुंदीतले जिवाणू वाढवून त्यांची जनुकं ताडून पाहिलीत. तुमचं संशोधन याच विषयातलं, हे आम्हाला नंतर कळलं. या जिवाणूच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे २८ लाख अक्षरं असतात. दोन ठिकाणच्या जिवाणूंची अक्षरं जवळपास तंतोतंत जुळली, तर दोन्हींचा उगम एक असण्याची दाट शक्यता. अमेरिकेत १९९६ पासून पल्सनेट नावाचं प्रयोगशाळांचं जाळं जिवाणूंच्या जनुकांचे असे ठसे एका ठिकाणी गोळा करतं. त्यामुळे शेकडो मैल लांब राहणारी, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच अन्नातून आजारी पडली हे उघडकीला येतं. आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण हा सरकारी कार्यक्रम २००४ पासून सुरू आहे, साथींची नोंद होते. पण प्रत्येक साथीत जिवाणू हाती लागतोच असं नाही, कारण पथक पोचेपर्यंत भांडी घासून झालेली असतात आणि उरलेलं अन्न उकिरड्यावर गेलेलं असतं. २०२४ च्या फेब्रुवारीत नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमात प्रसाद खाऊन सुमारे २,००० लोकांना त्रास झाला होता. तेव्हापासून मराठवाड्यात महाप्रसाद म्हटलं की लोकांच्या मनात धाकधूक असते. म्हणून तुमच्या कामाचं मोल आमच्यापुरतं नाही, असं मला मनापासून वाटतं.

जाताना तुम्ही आबांना जर्मनीची हकिगत सांगितलीत. २०११ मध्ये तिथे ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, जवळपास ४,००० माणसं आजारी पडली, ५० च्या वर दगावली. आधी स्पेनच्या काकड्यांना दोष दिला गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल पडून सडला. खरं कारण निघालं मोड आलेली मेथी. आपण मोड खाल्ले हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नव्हतं. तेव्हा तपास करणाऱ्यांनी हॉटेलच्या आचाऱ्यांना गाठलं, कोणत्या पदार्थात काय घातलं ते विचारलं, आणि माग लागला. "म्हणजे आचाऱ्यानंच सोडवलं म्हणा की," असं आबा म्हणाले. कित्येक दिवसांनी ते आपणहून काही बोलले होते.

एका गोष्टीसाठी मात्र तुमच्यापुढे हात जोडतो. स्वयंपाक करणाऱ्या, वाढणाऱ्या, कॅन उतरवणाऱ्या, सगळ्यांच्या नाकातले आणि हातांवरचे नमुने तुम्ही घेतले होते. आबांचे नमुने त्या जिवाणूशी जुळत नाहीत, एवढंच तुम्ही आम्हाला सांगितलंत. मग जुळले कुणाचे, हे सरपंचांनी भरसभेत विचारलं. तुम्ही नाव घेतलं नाहीत. दर १० निरोगी माणसांतल्या साधारण ३ जणांच्या नाकात हा जिवाणू असतोच, म्हणालात. बासुंदी थंड राहिली असती किंवा लगेच वाढली असती तर कुणालाच काही झालं नसतं. आबांच्या जागी दुसऱ्या कुणा गरिबाला उभं करायला गाव तयारच होतं. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. आबांवरचा आळ गेला याचा आनंद आहेच, पण या गोष्टीचा आमच्या घराला जास्त अभिमान वाटतो.

आता आबांना पुन्हा बोलावणी येतात. दुधाचा पदार्थ बाहेरून येणार असेल तर बर्फाची सोय आधी विचारतात, नसेल तर शिरा नाहीतर बुंदी करू म्हणतात. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून फ्रिजमध्ये बाजूला ठेवतात. बोट कापलेल्या पोराला वाढायला उभं करत नाहीत, त्याची मजुरी मात्र देतात. तालुक्यातल्या बाकीच्या आचाऱ्यांनाही हे सगळं सांगायचं त्यांनी मनावर घेतलंय, पण म्हणतात, "माझ्या तोंडून कोण ऐकणार? मॅडमचं लिहिलेलं पाहिजे."

म्हणून एक विनंती आहे. आचाऱ्यांसाठी सोप्या मराठीत दोन पानं लिहून द्याल का? कोणता पदार्थ किती वेळ बाहेर चालतो, गरम कसा ठेवायचा, उरलेल्याचं काय करायचं, एवढंच. छपाईचा खर्च आम्ही करू. तुळशीच्या लग्नानंतर तिथी सुरू होतात, त्याच्या आत पानं हाती आली तर आबा स्वतः गावोगाव नेऊन वाटतील.

आपला कृतज्ञ,
एका आचाऱ्याचा मुलगा
जि. परभणी