निकालाची बातमी, पण न्यायाधिकाराचे काय?

संपादक महोदय,

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची बातमी आपल्याकडे बहुधा ‘अमुक देशाला दणका’ अशा मथळ्याखाली येते. अंतरिम आदेश निघाला, न्यायाधिकार (प्रकरण ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार) मान्य झाला की अंतिम निकाल लागला, हे बातमीभर शोधूनही सापडत नाही. या तीन टप्प्यांत वर्षानुवर्षे जातात. गाम्बियाने म्यानमारविरुद्ध नोव्हेंबर २०१९ मध्ये अर्ज केला, अंतरिम आदेश २३ जानेवारी २०२० रोजी मिळाला आणि हे प्रकरण न्यायालयाला ऐकता येईल, एवढेच ठरायला २२ जुलै २०२२ उजाडला.

मुळात कोणत्याही राष्ट्राला त्याच्या संमतीवाचून या न्यायालयात खेचता येत नाही. एक तर दोन्ही देश मिळून वाद सोपवतात, नाही तर न्यायालयाच्या संविधीतील कलम ३६ नुसार न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचे घोषणापत्र आधीच देऊन ठेवलेले असते, किंवा एखाद्या जुन्या करारात तशी तरतूद असते. घोषणापत्र देणारे देश निम्म्याहूनही कमी आहेत आणि त्यांनी घातलेल्या अटी पुष्कळ. भारताच्या घोषणापत्रात राष्ट्रकुल देशांबरोबरचे वाद वगळलेले आहेत. विमान पाडल्याची तक्रार घेऊन पाकिस्तान तिथे गेला, तेव्हा याच अटीवर २१ जून २००० रोजी १४ विरुद्ध २ मतांनी न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मग पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारत तिथे कसा पोहोचला? वाणिज्यदूत संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराला जोडलेल्या, दोन्ही देशांनी स्वीकारलेल्या ऐच्छिक पूरक करारामुळे (ऑप्शनल प्रोटोकॉल). म्हणूनच २०१९ च्या निकालात वाणिज्यदूताची भेट आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार एवढेच मिळाले. सुटकेची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. दार ज्या करारातून उघडते, त्याच करारापुरता न्याय मिळतो.

हे ध्यानात न घेतल्याने सर्वाधिक गोंधळ वंशसंहाराच्या खटल्यांत होतो. युद्धात जखमी, कैदी व नागरिकांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत वाद थेट या न्यायालयात नेण्याची तरतूद नाही. १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराच्या कलम ९ मध्ये ती आहे. त्यामुळे गाम्बिया, युक्रेन, दक्षिण आफ्रिका सगळे त्याच दाराने आले. पण आत शिरल्यावर शहरांवरील बॉम्बहल्ले, उपासमार, छळ हे सारे ‘एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, गट म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू’ या एकाच कसोटीवर सिद्ध करावे लागते, आणि हेतू सिद्ध करणे महाकठीण. बोस्निया विरुद्ध सर्बिया खटल्यात २००७ साली फक्त बोस्नियातल्या स्रेब्रेनिका येथील हत्याकांड वंशसंहार ठरले. सर्बियाला ते घडवल्याबद्दल नव्हे, तर ते न रोखल्याबद्दल आणि दोषींना शासन न केल्याबद्दल जबाबदार धरले गेले. याला ‘क्लीन चिट’ म्हणणे साफ चूक आहे. बाकीचे युद्धगुन्हे घडले की नाही, हे ठरवण्याचा अधिकारच त्या खटल्यात न्यायालयाला नव्हता.

अंतरिम आदेशाचेही तसेच. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध नेलेल्या खटल्यातील २६ जानेवारी २०२४ च्या आदेशानंतर ‘गाझात वंशसंहार होत असावा असे न्यायालयाला वाटते’ अशा अर्थाच्या बातम्या जगभर छापल्या गेल्या. न्यायालयाने सकृद्दर्शनी मान्य केले होते ते पॅलेस्टिनींना वंशसंहारापासून संरक्षण मिळण्याचा हक्क आणि त्या हक्काला भरून न येणारी हानी पोहोचण्याचा धोका. वंशसंहार झाला की नाही, यावर त्या टप्प्यावर मत दिलेच जात नाही. मात्र अंतरिम आदेश म्हणजे नुसता सल्ला, असेही लिहू नये. तो बंधनकारक असतो, हे जर्मनी विरुद्ध अमेरिका या खटल्यातील २००१ च्या लाग्रांड निकालापासून पक्के आहे. आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ही निराळी संस्था आहे. तिथे खटला व्यक्तीवर चालतो, देशावर नाही.

‘निकाल मानतो कोण?’ हा वाचकांचा प्रश्न रास्तच आहे. १९८६ मध्ये अमेरिकेविरुद्धच्या खटल्यात निकाराग्वाच्या बाजूने निकाल लागला. त्याच्या पालनाचा ठराव अमेरिकेने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून अडवला. पण लिबियाने फेब्रुवारी १९९४ च्या निकालानंतर चाडच्या सीमेवरील वादग्रस्त आउझू पट्ट्यातून मे अखेरपर्यंत सैन्य मागे घेऊन तो प्रदेश चाडला दिला. फरक कशाने पडला? माझ्या मते मोठे कारण हे की, चाड व लिबियाने तो वाद आपणहून न्यायालयाकडे नेला होता, तर अमेरिकेने न्यायाधिकारच नाकारून खटला अर्ध्यावर सोडला होता.

संमती मागेही घेता येते. परदेशी कैद्यांच्या खटल्यांत हरल्यावर अमेरिका २००५ मध्ये जाधव प्रकरणात भारताच्या कामी आलेल्या त्याच ऐच्छिक पूरक करारातून बाहेर पडली. म्हणून विनंती अशी की, दोन देशांत करार झाल्याचे वृत्त देताना स्वाक्षऱ्यांच्या छायाचित्राबरोबर त्यातील वादनिवारणाचे कलमही छापावे: वाद कुठे जाणार, एकतर्फी नेता येणार का आणि कोणत्या अटी राखून ठेवल्या आहेत.

– आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक अभ्यासक