काकू, तुम्ही सेट करून दिलेल्या वेदर रेडिओसाठी थँक्यू

काकू,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" करून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, ऐकून घ्यावंच लागेल.

वेदर रेडिओ, म्हणजे हवामान खात्याचे इशारे आले की आपोआप वाजणारा रेडिओ, घ्या असं इथे ओक्लाहोमातल्या नॉर्मनला आल्यावर आम्हाला सगळ्यांनीच सांगितलं, पण तो नीट लावून देणाऱ्या तुम्ही एकट्या. नुसता बॉक्समधून काढून प्लग लावला तर तो कुठल्या कुठल्या लांबच्या काउंट्यांसाठी (इथले जिल्हेच म्हणा) पण अर्ध्या रात्री बोंबलतो, मग माणूस वैतागून वायरच काढून टाकतो, आणि ओळखीतल्या काही घरी तो असाच कपाटात पडलाय हे मी स्वतः बघितलंय. तुम्ही आधी इथल्या स्टेशनचं १६२.४०० मेगाहर्ट्झ लावलंत, मग आपल्या क्लीव्हलंड काउंटीचा कोड ०४००२७ टाकलात, आणि वर म्हणालात की वादळं बहुतेक नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतात तेव्हा शेजारच्या मॅक्लेनचा ०४००८७ पण राहू दे, तेवढाच थोडा आधी अंदाज येतो. बाकी कुठली काउंटी नाही. विंटर स्टॉर्म वॉच, थंडरस्टॉर्म वॉच यांचा आवाज बंद, वॉर्निंग सगळ्या चालू (वॉच म्हणजे नुसती शक्यता, वॉर्निंग म्हणजे आलंच). (टॉर्नेडो वॉर्निंग तर बऱ्याच रेडिओत बंद करताच येत नाही म्हणे, बरंच आहे ते.) माझ्या मते खरी मदत ही होती, रेडिओ काय दुकानात कोणीही देतं.

आणि "फोन आहे की हातात" असं आमचे हे म्हणाले तेव्हा तुम्ही किती शांतपणे समजावलंत! ताशी ५८ मैल वारा किंवा इंचभर गारा म्हटलं की थंडरस्टॉर्मची वॉर्निंग निघते, पण २०२१ पासून फोनवर ती आपोआप वाजते ती फक्त ८० मैल वारा नाहीतर पावणेतीन इंची गारा असतील तरच. आणि गावातले टॉर्नेडोचे भोंगे बाहेर असलेल्या लोकांसाठी, घरात एसी चालू असताना ते ऐकू येतील असं धरून चालायचंच नाही. हे इथे इतकी वर्षं राहिलेल्या लोकांनाही माहीत नसतं, मी विचारून बघितलंय.

मे महिन्यातली ती रात्र तुम्हाला सांगितलीच आहे. फोन गप्प आणि रेडिओ असा किंचाळला की सासूबाई "एवढ्या रात्री कोण ओरडतंय" म्हणत उठून बसल्या, त्यांची खोली पश्चिमेच्या मोठ्या खिडकीची, त्यांना आणि बाळाला घेऊन आम्ही सगळे आतल्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये जाऊन बसलो, आपल्याकडे तळघर कुठेय. गारा पडल्या, त्या खिडकीची काच तडकली, खालच्या पलंगावर तेव्हा कोणी नव्हतं. टॉर्नेडो वगैरे काही झाला नाही. मधेच लाइट गेले तरी रेडिओचा तो रोबोटसारखा आवाज चालूच होता, कारण तुम्ही आठवणीने आत बॅटऱ्या घालायला लावल्या होत्या.

आता थोडी तक्रार पण करते. २००७ पासून वॉर्निंग नकाशावर छोटा तुकडा आखून देतात, पण रेडिओ अजून अख्ख्या काउंटीचाच कोड ऐकतो, त्यामुळे पार पूर्वेच्या टोकाला वादळ असलं तरी आमच्याकडे वाजतो. यावर तुमचं उत्तर, "वाजला की उठून जागेचं नाव ऐकायचं आणि परत झोपायचं." बरं बाई, ऐकते. सासूबाईंना तर आता तो आवाज इतका पाठ झालाय की रेडिओवरची दर बुधवारी दुपारची टेस्ट आली नाही तर त्याच मला विचारतात, बिघडला का गं? मग मी सांगते की खरंच हवा खराब असेल तर टेस्ट पुढे ढकलतात, आभाळ बघा आधी. आभाळ स्वच्छ असलं तर मात्र अँटेना जरा खिडकीकडे सरकवते, तुम्ही दाखवलं होतं तसं.

आमच्याच गल्लीत एक नवीन जोडपं आलंय, त्यांचा रेडिओ मी शनिवारी लावून देणारेय. मेनूत कुठे अडकले तर तुम्हाला फोन येईल, उचला.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली सूनबाई